पोपटी जर्सी

कोल्हापुरात माणसाचं नाव विचारायच्या आधी पेठ विचारतात. नाव काय, कुठलंही चालतं. पेठ चुकीची निघाली तर मात्र समोरचा चहा तसाच ठेवून उठतो. आणि दोन चुकीच्या पेठांमध्ये सोयरीक झाली तर काय होतं, हे बघायचं असेल तर पूर्णिमाच्या लग्नाची कॅसेट बघावी. एका बाजूला बाणगंगा तालमीचे जांभळे फेटे, दुसऱ्या बाजूला शंखनाद मंडळाचे पोपटी. अक्षता पडेपर्यंत दोन्हीकडची पोरं एकमेकांकडे अशी बघत होती की भटजींनी दोन मंगलाष्टकं गाळली.

पूर्णिमा बाणगंगेची. तिचे वडील हंबीरराव एके काळी तालमीच्या फुटबॉल संघात होते, धाकटा भाऊ सम्राट आता संघाचा कॅप्टन. आणि नवरा राजवर्धन? शंखनादचा गोलकीपर. पोरीनं जातीबाहेर लग्न केलं असतं तर बाणगंगेनं एखाद्या वर्षात पचवलं असतं, पण शंखनादचा गोलकीपर पचणं अवघड होतं.

तरी पचत आलं होतं. मग उन्हाळ्यात फायनल झाली. कॉर्नरचा चेंडू आला, सम्राट हेडरला उसळला, राजवर्धन बुक्की घेऊन पुढं आला. चेंडू राहिला बाजूला आणि बुक्की बसली सम्राटच्या तोंडावर. पुढचे दोन दात मैदानात पडले. राजवर्धन म्हणतो, मी चेंडूच मारत होतो. बाणगंगा म्हणते, नेम धरून मारला. पुढं जे व्हायचं ते झालं, दगड, खुर्च्या, पोलिसांच्या काठ्या. त्या सगळ्या राड्यात तोंडातून रक्त गळत असलेला सम्राट ओरडून म्हणाला, "ह्याचा हात मोडल्याबिगर म्या ह्याला दाजी म्हणणार न्हाय!"

तेव्हापासून त्यानं दाजी म्हटलं नव्हतं. राजवर्धन मात्र मेहुण्याला आपलं "पावणं" म्हणत राहिला. उत्तर येत नसे, तरी म्हणत राहिला.

बिंदू चौकाच्या मागं या नवरा-बायकोचं दुकान आहे. ट्रेकिंगच्या सॅक, बूट, जाकिटं, पावसाळी कपडे. पूर्णिमा लग्नाआधी मनालीला पर्वतारोहणाचा कोर्स करून आलेली, बर्फात झोपून आलेली. कोणता कपडा कशावर घालायचा हे ती गिऱ्हाइकाला इतकं समजावते की काही जण नुसतं ऐकून दमतात आणि काही न घेता जातात.

आखाडात आईनं लेकीसाठी तळणीचा डबा पाठवला. घेऊन आला सम्राट. दारातच उभा राहिला, दुकानात पाय टाकला नाही. अंगात नवीकोरी जाड जांभळी हूडी होती, पाठीवर तालमीचं नाव.

"खिंडीला चाललाय व्हय?" पूर्णिमानं विचारलं. पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालत जायचं, दरवर्षी भर पावसात, हा दोन्ही पेठांचा नेम.

"उद्या. उदयदादानं सगळ्यांना हूडी केलीया. खिंडीत पोचेपर्यंत अंगावरचा रंग उतरवायचा न्हाय. मारुतीसमोर शब्द दिलाय सगळ्यांनी." उदयदादा म्हणजे उदयसिंह, तालमीचा अध्यक्ष.

पूर्णिमानं त्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरलं. "सुती हाय ही."

"प्युअर कॉटन. भारीतलं हाय."

"भारीतलं हाय म्हणूनच सांगतोय. सुती एकदा भिजलं की दिवसभर वाळत न्हाय. वर तुम्ही प्लास्टिकचा रेनकोट चढवणार. चढाला घाम सुटला की त्यो जाणार कुठनं? आतनं घामानं वलं, भाईरनं पावसानं वलं, मधी तू. आणि उघड्या सड्यावर वारं लागलं की ते वलं कापड तुझ्या अंगातली सगळी ऊब वडून घेणार."

"लोकरीची शाल पांघरून जाऊ काय मग, म्हाताऱ्यागत?"

"लोकर घालशील तर शानाच म्हणीन. ती भिजली तरी ऊब सोडत न्हाय." तिनं फळीवरून एक पिशवी काढली. "ही पातळ बनियन अंगालगत घाल, घाम वडून भाईर टाकती. वर हे फ्लीस, ऊब धरतंय. त्याच्यावर हे जाकीट, वारं आडवतंय. काखेत चेन हाय, चढाला उघडायची. चालताना एक कमी, थांबलास की एक जास्त. एवढंच ध्यानात ठेव."

सम्राटनं पिशवी हातात घेतली, आणि त्याच वेळी राजवर्धन माळ्यावरून खाली उतरला. "काय पावणं? आत या की."

सम्राटनं पिशवी भर रस्त्यात भिरकावली. "शंखनादच्या दुकानातलं अंगाला लावू व्हय?" म्हणाला आणि गेला. मागून आलेल्या टेम्पोचं चाक पिशवीवरून गेलं, ती फाटली आणि आतलं सगळं गटारात लोळलं. राजवर्धननं ते गोळा केलं. चिखलातलं फ्लीस पिळताना तो बायकोला म्हणाला, "हे आता विकत न्हाय."

रात्रभर पाऊस कोसळत होता. पूर्णिमाला चैन पडेना. भावाचा हट्ट तिला ठाऊक होता आणि वाटेतला सडाही. सकाळी तिनं सॅक भरायला घेतली तेव्हा राजवर्धनही बूट घालून बसला होता. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यानं दोन वस्तू सॅकेत कोंबल्या. एक जुनं काळं घोंगडं आणि दुसरी आपली गोलकीपरची हिवाळी जर्सी, जाड, लांब बाह्यांची, पोपटी.

"जर्सी कशाला?" तिनं विचारलं.

"तुझं फ्लीस त्याच्या अंगात जाणार हाय व्हय? रेडा हाय तो."

पहिल्या दिवशी दोघं बाणगंगेच्या मागं अंतर ठेवून चालले. पुढून घोषणा ऐकू येत होत्या, झेंडा दिसत होता. जवळ जाण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरपाणी गाव ओलांडल्यावर खिंडीच्या अलीकडचा सडा लागला. सडा म्हणजे उघडा कातळ, ना झाड ना आडोसा. पाऊस वरून पडत नव्हता, आडवा येत होता, आणि वारा असा की पाय उचलला की माणूस हातभर बाजूला. पूर्णिमा आतून कोरडी होती, तरी तिचे दात वाजायला लागले.

आधी तिला वाटेत रेनकोट दिसला. फाटका, वाऱ्यानं करवंदीच्या जाळीला अडकलेला. मग थोडं पुढं दगडावर बसलेला सम्राट दिसला. एकटाच.

तालमीची पोरं पुढं निघून गेली होती. सकाळपासून तो झोकांड्या खात होता, जड जिभेनं काहीबाही बोलत होता. पोरांना वाटलं, कॅप्टननं सकाळीच घेतलीया. हसली आणि गेली पुढं, कारण दुसऱ्या मंडळांच्या आधी खिंडीत झेंडा लावायचा होता. एकमेकांसाठी जीव द्यायच्या गप्पा मारणारी ही पोरं, त्यातल्या एकालाही दहा मिनिटं थांबायला सुचलं नाही. संताप येतो नुसता.

"सम्राट!" पूर्णिमानं त्याचे खांदे हलवले. ओठ निळे पडले होते. हूडी पाण्यानं लोंबत होती, पिळली तर बादली भरली असती. आणि तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती एकाच गोष्टीची, तो कुडकुडत नव्हता. एवढ्या गारठ्यात अंग थरथरायचं थांबलं म्हणजे ते हरलं, हे तिला मनालीत शिकवलं होतं.

"गरम हुतंय," सम्राट पुटपुटला. "झोपू दे."

"अहो, ह्याचं आधी काढायला पाहिजे सगळं!" तिनं हूडी वर ओढली.

त्यासरशी सम्राटच्या अंगात कुठून बळ आलं देव जाणे. त्यानं कोपर मागं मारलं, ते थेट तिच्या तोंडावर बसलं. ओठ फाटला. "रंग काढायचा न्हाय!" तो किंचाळला. तो बहिणीला ओळखत नव्हता. पुन्हा मूठ उगारली, ती तिच्या कानशिलात बसली आणि ती कातळावर आपटली.

राजवर्धननं सॅक टाकली आणि मेहुण्याला कवेत आवळून खाली पाडलं. दोघं पाण्यात लोळले. सम्राटनं त्याच्या दंडाचा असा चावा घेतला की मांस वर आलं. राजवर्धन ओरडला, पण सुटला नाही. गुडघा छातीवर रोवून त्यानं त्याचे दोन्ही हात दाबून धरले. "काप!" तो म्हणाला. "वडून निघणार न्हाय. काप!"

पूर्णिमानं चाकू काढला. गळ्यापासून खालपर्यंत तिनं हूडी फाडली, कुशीवर वळवून पाठीवरचं तालमीचं नाव उभं चिरलं, आतला सुती बनियन चिरला, पॅन्ट ओढून काढली. भाऊ शिव्या देत होता, लाथा मारत होता, आणि ती रडत रडत त्याला थोबाडीत मारत होती. "गप पड! मरशील की रं, गप पड!" तिच्या ओठातलं रक्त त्याच्या छातीवर गळत होतं. ज्या भावाला तिनं कडेवर घेऊन वाढवलं त्याला ती उघड्यावर नागडा करून बडवत होती आणि तिला तिळभर लाज वाटत नव्हती.

मग त्याचा जोर एकदम ओसरला. हे जास्त वाईट होतं. दोघांनी त्याचं अंग कोरडं केलं, पोपटी जर्सी डोक्यातून घातली. राजवर्धननं आपलं जाकीट आणि शर्ट काढला, उघड्या अंगानं त्याला पोटाशी घेतलं, आणि पूर्णिमानं नवऱ्याच्या काखेखालून दोघांभोवती घोंगडं आवळलं. राजवर्धननं वाऱ्याकडं पाठ केली, दोन्ही हात घोंगड्यावरून सम्राटच्या पाठीमागं नेले आणि बोटांत बोटं अडकवली. "पावणं," तो कानाशी बोलू लागला, "पावणं, झोपायचं न्हाय. ऐकताय न्हवं? झोपायचं न्हाय."

पूर्णिमा थर्मासचं झाकण उघडत होती. तेवढ्यात पुढून आरोळी आली.

झेंडा लावून बाणगंगेची पोरं कॅप्टनला न्यायला परतली होती. त्यांना काय दिसलं? आपल्या कॅप्टनला शंखनादच्या कीपरनं खाली दाबलाय. जांभळी हूडी चिंध्या होऊन चिखलात पडलीय. आणि घोंगड्याबाहेर कॅप्टनच्या अंगातलं पोपटी.

"नागडा करून रंग चढवलास व्हय रं!" उदयसिंहानं हातातली चालायची काठी उगारली.

"थांबा! मरायला लागलाय तो, त्याला ऊब—" पूर्णिमा आडवी आली. तिला कुणीतरी ढकललं. "तू आता त्यांचीच," असंही कुणीतरी म्हणालं.

पहिली काठी राजवर्धनच्या पाठीवर बसली. दुसरी खांद्यावर. "सोड त्याला!" उदयसिंह ओरडत होता.

"सोडलो तर मरतंय ते," राजवर्धन म्हणाला. पण वाऱ्यात कुणाला ऐकू जाणार, आणि ऐकायचं होतं कुणाला? पाठीवर लाथा बसल्या, बरगडीत बसल्या. तो हलला नाही, तेव्हा उदयसिंहाचं लक्ष त्या अडकवलेल्या बोटांकडे गेलं. ह्याच हातानं सम्राटचे दात पाडले होते. "हात मोडा ह्याचे!" तो म्हणाला, आणि काठ्या बोटांवर पडू लागल्या. घोंगड्यावर, सम्राटच्या पाठीमागं, पुन्हा पुन्हा. हाडं मोडल्याचा आवाज पूर्णिमाला पावसातही ऐकू आला. राजवर्धन गुरासारखा ओरडला. बोटं मोडली तशी त्यानं मनगटं अडकवली, पण मिठी सोडली नाही.

पूर्णिमानं दगड उचलला आणि उदयसिंहाच्या पाठीत घातला. तो वळला, तिनं त्याच्या मनगटाला चावा घेतला, त्यानं तिला केस धरून फेकलं. आणि हे असंच चालू राहिलं असतं, नवरा आणि भाऊ दोघंही त्याच कातळावर संपले असते, पण खालच्या धनगरवाड्यावरचा पिराजी कालवा ऐकून वर आला. त्यानं काही विचारलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा फिरवत सरळ आत घुसला आणि बरोबरची दोन कुत्री मोकळी सोडली. एका पोराच्या पोटरीचा लचका गेला, दुसऱ्याच्या डोक्यात दांडा बसला. मग सगळे भानावर आले. पिराजीनं घोंगडं उकललं, सम्राटच्या तोंडाशी गाल नेला. "श्वास हाय," तो म्हणाला. "थरथरतंय बी आता."

पूर्णिमानं घोंगड्यात हात घालून बघितलं. भाऊ पुन्हा कुडकुडायला लागला होता.

दोघांना जीपमधून मलकापूरच्या दवाखान्यात आणलं. सम्राट दुसऱ्या दिवशी सकाळी शुद्धीवर आला. राजवर्धनच्या तीन बरगड्या मोडल्या होत्या आणि दोन्ही हात मनगटापासून पुढं चेचले होते. ऑपरेशनला कोल्हापूरला न्यावं लागेल, डॉक्टर म्हणाले, पण बोटं पहिल्यासारखी मिटायची नाहीत. म्हणजे गोलकीपर संपला.

ओठाला टाके घातलेली पूर्णिमा भावाच्या खाटेजवळ आली तेव्हा तो तिच्याआधीच सगळं ऐकून बसला होता. उदयसिंहानं खिडकीतून सांगितलं होतं. तो तिच्याकडे बघून हसला, पडलेल्या दोन दातांच्या फटीतून.

"मोडले न्हवं हात? नागडं करून मारत हुता म्हणं मला. फिटलं आता. बरं झालं."

पूर्णिमानं उलट्या हातानं त्याच्या तोंडात दिली. सलाईनचा स्टँड हलला. दारातली नर्स ओरडली.

"नागडं म्या केलं तुला," ती म्हणाली. "मारलं बी म्या. तुझ्या तोंडावरचे वळ माझ्या हाताचे हायत, मोजून बघ. तुझी पोरं तुला मरायला टाकून गेलती. तू गार पडलावतास. आमच्या ह्यांनी आपलं कपडं काढून तुला पोटाशी धरलं. हातावर काठ्या पडत हुत्या तरी सोडलं न्हाय. हात काढून घेतला असता तर हात वाचला असता आणि तू मेला असतास. कळतंय काय?"

"खोटं हाय."

"अंगात काय हाय बघ."

सम्राटनं चादर खाली केली. अंगात पोपटी जर्सी होती. त्याचे हात आपोआप गळ्याशी गेले, ती ओरबाडून काढायला.

"काढ," पूर्णिमा म्हणाली. "काढून भिरकाव, टेम्पो येईल मागनं. पुन्हा गार पडलास तर मला हाक मारू नको, आणि त्यांना तर मारूच नको. त्यांच्याकडं आता हात न्हाईत."

सम्राट तसाच थांबला, मुठीत जर्सीचा गळा धरून. त्याला कातळ आठवत नव्हता, काठ्या आठवत नव्हत्या, बहीण आठवत नव्हती. मग हळू आवाजात म्हणाला, "कोणतरी कानात सारखं बोलत हुतं, आक्का."

"काय बोलत हुतं?"

"पावणं, झोपायचं न्हाय." एवढं म्हणाला आणि त्याची मूठ सुटली. जगात त्याला पावणं म्हणणारा एकच माणूस होता.

त्यानं हातातली सुई उपटली आणि उठला. पूर्णिमानं अडवलं तर तिला बाजूला सारून अनवाणी बाहेर गेला. दवाखान्याच्या आवारात, पत्र्याखाली, उदयसिंह आणि चार पोरं चहा पीत उभी होती.

"आला वाघ!" उदयसिंह म्हणाला. मग त्यानं जर्सी बघितली. "आरं काढ ते आधी. माझी हूडी घे."

"खिंडीत पोचेपर्यंत अंगावरचा रंग उतरवायचा न्हाय," सम्राट म्हणाला. "शब्द दिलाय. तुम्ही पोचलासा, म्या अजून पोचलो न्हाय."

"हा काय आपला रंग हाय?"

"हाच हुता माझ्या अंगावर. तुमच्या रंगानं मरत हुतो म्या." आणि त्यानं कपाळ उदयसिंहाच्या नाकावर घातलं. नाक फुटलं, चहाचे ग्लास फुटले. पोरं आधी बघतच राहिली. मग चौघं तुटून पडली, काल ज्याच्यासाठी हात मोडले त्याच कॅप्टनवर. त्यांनी त्याला चिखलात पाडलं, तोंडावर लाथा घातल्या, आणि जर्सी डोक्यावरून ओढायला लागली. सम्राटनं मार चुकवला नाही. दोन्ही मुठींत जर्सीचं खालचं टोक घट्ट धरून तो पडून राहिला. भुवई फाटली तरी सोडलं नाही. दारातला हवालदार काठी आपटत धावत आला तेव्हा कुठं ती पांगली.

"कुणी मारलं?" हवालदारानं विचारलं. "काल हात कुणी मोडले?"

पेठेत असल्या प्रश्नाला उत्तर द्यायची पद्धत नाही. सम्राटनं तोंडातलं रक्त थुंकलं आणि पाचही जणांची नावं सांगितली, बापाच्या नावासकट. मग म्हणाला, "फायनलला त्यांचा हात मोडा म्हणून सगळ्यांसमोर वरडलो हुतो म्या. ते बी लिवा."

भिजून, रक्तानं माखून तो राजवर्धनच्या खाटेशी येऊन उभा राहिला. राजवर्धनचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होते. त्यानं डोळे उघडले, मेहुण्याला खालून वर बघितलं.

"जर्सी खराब केलासा की, पावणं."

"धुतो की," सम्राट म्हणाला.

"वलं अंगावर ठेवू नगासा. काढा ती. गारठा लागंल पुन्हा."

"न्हाय दाजी," सम्राट म्हणाला. "ऱ्हाऊ दे."

तो कुडकुडत होता. पूर्णिमानं कोपऱ्यात वाळत घातलेलं घोंगडं आणलं, अजून ओलसरच होतं, आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. सम्राटनं ते स्वतःभोवती गुंडाळलं नाही. उचललं, आणि राजवर्धनच्या पट्ट्या बांधलेल्या हातांवर हळूच पांघरलं.